मधले दोन आवाज

इंग्लंडच्या चर्चसंगीतात हेरफर्डची एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. १८३० नंतरच्या चार-पाच वर्षांतला ईस्टरचा दिवस, ख्रिस्ती वर्षातला सगळ्यांत मोठा सण. कथीड्रलच्या ऑर्गनवर सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्ली बसला आहे. वय जेमतेम विशी ओलांडलेलं. उपासनेला गायला आहे कोण, तर उंच पट्टीत गाणारी शाळकरी मुलं आणि खर्जातला एकच पुरुष. आल्टो आणि टेनर हे मधले दोन आवाज नाहीतच. वेस्लीनं आहे त्या गळ्यांना झेपेल अशी रचना केली आणि सण साजरा झाला. तो एकटा गायक म्हणजे कथीड्रलचे प्रमुख असलेल्या डीनसाहेबांचा बटलर होता, असं परंपरा सांगते. बटलरचं काहीही असो, त्या दिवशी फक्त मुलं आणि एक बास उपलब्ध होता, ही नोंद वेस्लीनं स्वतः करून ठेवली आहे. ती रचना म्हणजे 'ब्लेसेड बी द गॉड अँड फादर' हे अँथम, बायबलमधल्या वचनांवर बांधलेलं उपासनेतलं गाणं. जवळपास दोनशे वर्षं झाली, इंग्लंडमधल्या कथीड्रलांत ते अजून गायलं जातं.

ही गोष्ट सांगणारा बहुतेक वेळा हसऱ्या चेहऱ्यानं सांगतो. बघा, हाताशी काही नसताना प्रतिभावंत काय करून दाखवतो! मला हे कौतुक फार खटकतं. ते खटकण्यामागचं कारण समजायचं, तर त्या दिवशी मधले आवाज कुठे होते ते विचारायला हवं.

ते आवाज अस्तित्वात होते. हेरफर्डमध्ये 'व्हायकर्स कोरल' नावाची मंडळी होती. कथीड्रलमध्ये गाणं हेच त्यांचं मूळ काम, त्यासाठी त्यांना राहायला जागा आणि उत्पन्नाला जमीनजुमला होता. पण ही मंडळी दीक्षित पाद्री होती आणि आसपासच्या गावांतली चर्चही त्यांनी सांभाळायला घेतली होती. ईस्टरला गावोगाव उपासना असायची. ज्या दिवशी गळ्यांची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच दिवशी गळे दुसरीकडे गुंतलेले. दुष्काळ पडला नव्हता, धान्य दुसऱ्याच्या कोठारात गेलं होतं. वेस्लीच्या रचनेचं सौंदर्य त्यामुळे कमी होत नाही. पण ज्या व्यवस्थेमुळे ती तशी रचावी लागली, तिलाही आपण नकळत त्या सौंदर्याचं श्रेय देऊन टाकतो, आणि माझी तक्रार तिथे आहे.

कथीड्रलचा ऑर्गनवादक म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सहज डोळ्यांसमोर येणार नाही. आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातली पायानं भाता हलवायची पेटी आठवते. हे वाद्य म्हणजे अक्षरशः इमारतीचा भाग आहे. हजारो नळ्या, त्यांत माणसाहून कितीतरी उंच नळ्यांपासून पेन्सिलीएवढ्या नळ्यांपर्यंत सगळं, हातांसाठी तीन-चार स्वरपट्ट्या, पायांसाठी आणखी एक. विजेची मोटर येण्यापूर्वी मागे भाता हलवायला माणसं लागत. एक्सेटरच्या कथीड्रलमध्ये हा ऑर्गन मधल्या दगडी पडद्यावर उभा आहे; त्याची लाकडी पेटी जॉन लूझमोरनं १६६५ मध्ये केली. तिथे बसलेल्याच्या कानावर गायकांचा आवाज उशिरा पडतो. ऐकून साथ करायला गेलं, तर साथ मागे पडते. म्हणून ऑर्गनवादकाला ऐकू येण्याच्या थोडं आधी वाजवायला शिकावं लागतं, आणि मी जेवढी वाद्यं जाणतो त्यांत इतकं अवघड शिक्षण दुसरं नाही.

वाजवणं हा कामाचा एक भाग. उरलेला भाग मुलांना शिकवण्याचा, पुरुष गायकांना एकत्र ठेवण्याचा, प्रार्थनापुस्तकाचा क्रम पाळण्याचा. १६६२च्या प्रार्थनापुस्तकात बायबलमधली दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिली आहेत. साठ उपासनांत सगळी स्तोत्रं संपतात आणि पहिल्या तारखेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पंधराव्या तारखेच्या संध्याकाळी अठ्ठ्याहत्तरावं स्तोत्र येतं, सत्तरहून जास्त श्लोकांचं. छोट्याशा चालीवर ते सगळे श्लोक म्हटले जातात आणि ऑर्गनवादक त्या तेवढ्याशा चालीखाली शब्दाशब्दाला रंग बदलत जातो. समोर श्रोते असोत वा नसोत. वेस्लीच्या काळात हे रोज दोनदा चालायचं.

वारकऱ्याच्या नित्यनेमाचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना यातली ताकद वेगळी सांगायला नको. रोज तेच म्हटल्यानं शब्द झिजत नाहीत, आत उतरतात. एखाद्या कलेला असं रोजचं घर मिळणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. मैफलीचा कलावंत आमंत्रणाची वाट पाहतो, कथीड्रलच्या संगीतकाराला आज संध्याकाळीच वाजवायचं असतं. मग वेस्ली आयुष्यभर कशाविरुद्ध लढला?

तो जन्मला १८१० मध्ये, लंडनला. वडील सॅम्युएल वेस्ली नामांकित संगीतकार. आई-वडिलांचं लग्न झालेलं नव्हतं, आणि त्या काळच्या इंग्लंडमध्ये हा शिक्का लहानसहान नव्हता. आजोबा चार्ल्स वेस्ली हजारो भक्तिगीतांचे कवी, आजोबांचे भाऊ जॉन मेथडिस्ट पंथाचे संस्थापक. वडिलांना बाखच्या संगीताचा ध्यास, म्हणून मुलाच्या नावात सेबॅस्टियन आलं. लहानपणी तो राजाच्या चॅपल रॉयलमध्ये गायला. १८३२ मध्ये हेरफर्ड, १८३५ मध्ये एक्सेटर, १८४२ मध्ये लीड्सचं मोठं पॅरिश चर्च, १८४९ मध्ये विंचेस्टर, १८६५ मध्ये ग्लॉस्टर. पाच जागा, चव्वेचाळीस वर्षं, आणि प्रत्येक ठिकाणी तोच झगडा. हेरफर्डच्या नव्यानं दुरुस्त झालेल्या ऑर्गनसाठी त्यानं 'द वाइल्डरनेस' हे अँथम लिहिलं आणि पुढे ते एका पारितोषिकाला पाठवलं. परीक्षकांनी नाकारलं. एका परीक्षकाच्या मते ते हुशारीचं होतं, पण कथीड्रलचं संगीत नव्हतं. आज कथीड्रलचं संगीत म्हटलं की जी पहिली काही नावं निघतात, त्यांत ते आहे.

एक गणित करून पाहू. कथीड्रलमधले गायक दोन बाजूंना समोरासमोर उभे राहतात, श्लोक एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जातो. पुरुषांचे आवाज तीन: आल्टो, टेनर, बास. प्रत्येक बाजूला प्रत्येक आवाजाचा एकच माणूस ठेवला, तर सहा जण पुरतात. पण एकाला सर्दी झाली की त्या बाजूचं स्वरसंवादित्व कोसळलं. दोन-दोन ठेवले, तर बारा. १८४९ मध्ये वेस्लीनं कथीड्रलच्या संगीतावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. कुठल्याही कथीड्रलमध्ये बारांहून कमी पुरुष गायक असू नयेत, ही तिच्यातली मध्यवर्ती मागणी. संगीतवेडानं केलेली ती चैनीची मागणी नव्हती, आजारपण गृहीत धरून केलेला साधा हिशेब होता. त्याच्या काळात कितीतरी ठिकाणी याच्या निम्मेही गायक हजर नसत. जे असत, ते पोटासाठी शहरात दुसरं काम करत. म्हातारपणाची सोय नसल्यानं आवाज गेलेला माणूसही जागा सोडत नसे. त्याला दोष कसा द्यायचा?

त्याच पुस्तिकेत वेस्लीनं आणखी दोन गोष्टी मागितल्या. चर्चसंगीताचं शिक्षण देणारी एक संस्था असावी. आणि ऑर्गनवादकाची निवड संगीत न जाणणाऱ्या धर्माधिकाऱ्यांनी न करता दुसऱ्या कथीड्रलांच्या ऑर्गनवादकांच्या मतानं व्हावी. या दुसऱ्या मागणीनं त्यानं वर्मावर बोट ठेवलं. डीन आणि त्याचं मंडळ, ज्याला चॅप्टर म्हणतात, ते मालक. ऑर्गनवादक त्यांचा नोकर. संगीत कसं असावं हे ठरवणार मालक, आणि वाईट झालं तर जबाबदार नोकर.

चॅप्टरच्या बाजूनं एक खरा युक्तिवाद आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. १८४० मध्ये इंग्लंडच्या संसदेनं कायदा करून कथीड्रलांची कितीतरी धर्मपदं बंद केली आणि त्यांचं उत्पन्न काढून घेतलं. कारण गिरण्यांच्या शहरांत लाखो माणसं येऊन पडली होती आणि त्यांच्यासाठी ना चर्च होतं, ना पाद्री. त्यांच्याकडे पैसा वळवणं अन्याय्य होतं, असं कोण म्हणेल? उपाशी वस्तीत माणूस पाठवायचा की कथीड्रलमध्ये सातवा टेनर ठेवायचा, असा प्रश्न कुणी समोर टाकला, तर संगीतावर जीव असलेला माणूससुद्धा गप्प होतो.

मीही काही काळ गप्प झालो असतो. पण लीड्सचं उदाहरण आठवतं. लीड्स म्हणजे त्याच गिरण्यांचं शहर, धुराचं, गर्दीचं. तिथले व्हिकर वॉल्टर हुक यांनी पॅरिश चर्च नव्यानं बांधलं, १८४१ मध्ये ते उघडलं, आणि कथीड्रलसारखी संपूर्ण गायनयुक्त उपासना तिथे सुरू केली. खर्च शहरातल्या लोकांच्या वर्गणीतून. वेस्ली एक्सेटरचं पुरातन कथीड्रल सोडून या गिरणगावात आला, कारण जे जुन्या देणग्यांवर उभ्या असलेल्या संस्थेनं त्याला दिलं नाही, ते इथे वर्गणीवर मिळत होतं. ज्या लोकांच्या नावानं संगीतावरचा खर्च अयोग्य ठरवला जात होता, त्याच लोकांच्या शहरानं संगीतासाठी खिशात हात घातला. गरिबाला पाद्री हवा की गाणं, हा प्रश्न गरिबाला न विचारताच सोडवला जात होता.

आणि चॅप्टरांकडे पैसा अजिबात नव्हता असंही नाही. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हेन्री विलिस या ऑर्गन बांधणाऱ्यानं एक प्रचंड ऑर्गन मांडला होता. वेस्लीच्या आग्रहानं विंचेस्टरच्या चॅप्टरनं त्यातला मोठा भाग विकत घेतला आणि १८५४ मध्ये तो कथीड्रलमध्ये उभा राहिला. उत्तम वाद्य. पण वाद्य एकदा घेता येतं, त्याचा समारंभ होतो, त्याच्याकडे बोट दाखवता येतं. टेनरचा पगार दर तिमाहीला द्यावा लागतो आणि त्याचं उद्घाटन कधीच होत नाही. संस्था चालवणाऱ्यांना एकरकमी दातृत्व जमतं, नित्याचं जमत नाही, आणि गाणं तर नित्याच्याच खर्चावर जगतं.

अडचणीतूनच कला बहरते, असं म्हणणाऱ्यांशी माझा वाद इथे येतो. बंधन आणि वंचना यांत ते फरक करत नाहीत. महिन्यात दीडशे स्तोत्रं, ठरलेले शब्द, ठरलेली वेळ, दगडी कमानींत घुमणारा आवाज, ही बंधनं आहेत. ओवी-अभंगाची चौकट जशी कवीला धरते आणि उचलते, तशी ती संगीतकाराला उचलतात. गायक गैरहजर असणं हे त्या जातीचं बंधन नाही. हेरफर्डच्या त्या अँथमचा मधला भाग आजही ऐकताना लक्षात येतं: पुरुषांनी मिळून एका सुरात गायची एकच ओळ, मग एकट्या मुलाचा आवाज आणि त्याला बाकीच्या मुलांनी दिलेलं उत्तर. अप्रतिम आहे. पण वेस्लीला चार आवाज मिळाले तेव्हा त्यानं काय केलं, हेही कानांसमोर आहे. 'दाऊ विल्ट कीप हिम इन परफेक्ट पीस' मध्ये आतले आवाज एकमेकांत असे गुंफले आहेत की शांती या शब्दाला वजन येतं. ते बटलरला घेऊन होणारं काम नव्हतं.

वंचनेनं माणसाचं काय होतं, तेही झाकून ठेवता येत नाही. एक्सेटरला असताना परवानगीशिवाय बाहेर गायलेल्या दोन मुलांवर वेस्लीनं हात उचलला आणि चॅप्टरसमोर त्याला जाब द्यावा लागला. ती मुलं या साऱ्या रचनेत सगळ्यांत दुबळी होती. मालकाशी भांडता येईना म्हणून राग खालच्यावर निघाला असेल, पण त्यामुळे वेस्लीची बाजू सावरली जात नाही. विंचेस्टरला तो वारंवार गैरहजर राहू लागला, शागिर्दांना बसवून नदीवर गळ टाकायला जाऊ लागला. मासेमारीचं वेड जुनंच होतं. १८४७ मध्ये त्या नादात पाय मोडून तो दीर्घ काळ अडकून पडला होता. गायकांच्या गैरहजेरीविरुद्ध इतक्या तळमळीनं लिहिणारा माणूस शेवटी स्वतः गैरहजर राहू लागला, हे वाचताना मला राग येत नाही, फार वाईट वाटतं. चांगल्या कामाची दाद आणि वाईट कामाची चौकशी, दोन्ही न करणाऱ्या ठिकाणी वर्षानुवर्षं राहिलं की कामावरची श्रद्धा अशीच आतून पोखरली जाते.

व्यवस्था बदलली ती एकट्या वेस्लीमुळे नाही. मरिया हॅकेट या बाईंचं नाव घ्यायलाच हवं. एका पोरक्या नातलग मुलाला लंडनच्या सेंट पॉल्स कथीड्रलमध्ये गायक म्हणून ठेवल्यावर तिथल्या मुलांची आबाळ त्यांनी पाहिली, आणि १८१० च्या सुमारापासून मरेपर्यंत, म्हणजे साठहून अधिक वर्षं, देशभरातल्या कथीड्रलांत जाऊन, पत्रं लिहून, जुनी कागदपत्रं शोधून त्या मुलांच्या शिक्षणाचा हक्क मागत राहिल्या. अधिकार कसलाच नाही, फक्त चिकाटी. सर फ्रेडरिक औसली यांनी स्वतःच्या पैशानं १८५६ मध्ये टेनबरीला सेंट मायकल्स कॉलेज काढलं, रोजची उपासना नीट कशी गायची याचा नमुना म्हणून. तिथे त्यांनी ऑर्गनवर सोळा वर्षांच्या जॉन स्टेनरला नेमलं. हाच स्टेनर लहानपणी सेंट पॉल्समध्ये गायलेला. १८७२ मध्ये तो तिथेच ऑर्गनवादक म्हणून परतला, गायक वाढवले, सराव बांधून दिला, आणि सोळा वर्षांत त्या जागेचा कायापालट केला. त्याची नेमणूक झाली तेव्हा हॅकेटबाई नव्वदीला टेकल्या होत्या.

नेटकी तरतूद झाली की काय होतं, याचं उत्तर मला ग्लॉस्टरमध्ये दिसतं. वेस्लीच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १८९६ मध्ये, हर्बर्ट ब्रूअर तिथे आले. ऑर्गनवादकाकडे करार करून शागिर्द राहत, आपल्या गुरुगृहाच्या प्रथेशी मिळतीजुळती ही रीत. ब्रूअरकडे आयव्हर गर्नी होता आणि हर्बर्ट हॉवेल्स होता. ६ सप्टेंबर १९१० ला तिथल्या कथीड्रलमध्ये थ्री क्वायर्स या संगीतमहोत्सवात संगीतकार व्हॉन विल्यम्सनं थॉमस टॅलिसच्या चालीवरची आपली फँटसी पहिल्यांदा वाजवून घेतली. ही दोन मुलं ते ऐकून रात्रभर शहराच्या रस्त्यांवरून चालत राहिली. गर्नी पुढे महायुद्धाचा कवी झाला आणि मनोरुग्णालयात संपला. हॉवेल्सनं १९४६ मध्ये याच वास्तूच्या घुमणाऱ्या आवाजासाठी संध्याकाळच्या उपासनेची गीतं रचली. तेव्हा ऑर्गनवर होते हर्बर्ट सम्शन, याच शहरात जन्मलेले, इथेच मुलांत गायलेले, ब्रूअरचेच शागिर्द, १९२८ ते १९६७ अशी एकोणचाळीस वर्षं एकाच जागी. सम्शन यांचं नाव वेस्लीइतकं गाजणार नाही. पण हॉवेल्सचं ते संगीत गायला तयार गळे लागतात, आणि गळे तयार करायला कुणीतरी एकोणचाळीस वर्षं रोज संध्याकाळी हजर असावं लागतं.

मधले आवाज परत आले, तरी एक आवाज त्या व्यवस्थेनं शतकानुशतकं मोजलाच नव्हता. १९९१ मध्ये सॉल्झबरीला रिचर्ड सील यांनी मुलींचा स्वतंत्र गायकवृंद सुरू केला. मुलांच्या गळ्याचा तो खास रंग नाहीसा होईल, असं काहींना वाटलं. रंग राहिला, गाणारे वाढले, आणि हळूहळू बहुतेक कथीड्रलांत मुली गाऊ लागल्या. २००८ मध्ये गिल्डफर्डला कॅथरिन डाइन्स-विल्यम्स यांनी संगीतप्रमुखाचं पद घेतलं. ही दारं बंद होती तोवर 'गायक मिळत नाहीत' ही तक्रार किती पोकळ होती!

मुंबईकरांसाठी यातलं सगळंच परकं नाही. फोर्टमधल्या सेंट थॉमस कथीड्रलला गाणारी मुलं मिळावीत म्हणून १८७५ मध्ये एक क्वायर स्कूल काढली गेली, आणि आजच्या कथीड्रल अँड जॉन कॉनन स्कूलच्या इतिहासात तिचा वाटा आहे. शाळा वाढली, गाण्याचं कारण विस्मरणात गेलं. गोव्यात याहून जिवंत परंपरा होती. गावागावातल्या चर्चच्या शाळेत मेस्त मुलांना स्वरलेखन, गाणं आणि व्हायोलिन शिकवायचा. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतले, मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अशाच एका चर्चमधल्या गायकवृंदप्रमुखाचे चिरंजीव. हिंदी चित्रपटसंगीतातल्या वाद्यवृंदांत गोव्याचे हात का होते, याचं उत्तर त्या मेस्तांच्या रोजच्या शिकवणीत आहे. त्यांची नावं कितीजणांना सांगता येतील?

१८७३ मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी वेस्लीपुढे दोन पर्याय ठेवले: सर ही पदवी किंवा वर्षाला शंभर पौंडांचं निवृत्तिवेतन. त्यानं निवृत्तिवेतन घेतलं. तीन वर्षांनी, १९ एप्रिल १८७६ ला, तो ग्लॉस्टरला गेला. दफन मात्र एक्सेटरला झालं, तान्हेपणी गेलेल्या त्याच्या मुलीशेजारी.

हेरफर्डचं ते अँथम त्यानं १८५३ मध्ये आपल्या बारा अँथमांच्या पुस्तकात छापलं. ईस्टरच्या त्या सकाळी कोण हजर होतं याची नोंद तिथे आहे. पण संगीत त्यानं त्या सकाळपुरतं ठेवलं नाही. छापील पानावर वरच्या आणि खालच्या ओळींच्या मध्ये आल्टोची ओळ आहे, टेनरची ओळ आहे, आणि दोन्हींत स्वर भरलेले आहेत.